फिफिता आणि त्याचा जोडीदार

बेकर आमच्या दारात पडला होता. तोंड लालबुंद, अंग कोरडं, शुद्ध नाही. आणि फिफिता त्याला घरात न्यायला तयार नव्हता, कारण घरात पुरुषमाणूस नव्हता. मुलगा-सून कामावर गेलेले.

"ओन्ली यू, मॅम?" त्याने विचारलं.

मी भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे बुद्धांचा फोटो आहे, शेजारी माझ्या नवऱ्याचा. फिफिताने दोघांकडे आदराने पाहिलं आणि मान हलवली. फोटो चालत नाहीत.

चौऱ्याण्णव सालची गोष्ट असेल. हा फिफिता पॅसिफिक महासागरातल्या टोंगा नावाच्या बेटांवरचा, विशीचा पोरगा. उभा राहिला की दार भरायचं. मॉर्मन नावाच्या ख्रिस्ती पंथाचा प्रचार करायला दोन वर्षं घर सोडून अमेरिकेत, टेक्ससमधल्या आमच्या प्लेनोत आला होता. पांढरा शर्ट, टाय आणि सायकल. आमच्या भागात शाळकरी पोरं सोडली तर सायकलवर फिरणारी माणसं ती दोनच. बाकी सगळे कोपऱ्यावर जायलासुद्धा गाडी काढतात. बेकर त्याचा जोडीदार, अमेरिकेतलाच, आयडाहो राज्यातला, काडीसारखा.

त्यांच्यात नियमच असा, की जोडीने राहायचं, एकाने दुसऱ्याला नजरेआड होऊ द्यायचं नाही. नियम दोघांनाही होता, पण फिफिताच्या तो अंगात मुरलेला. बेकर मागच्या नळावर हात धुवायला गेला की हा मागोमाग. आमचं गवत कापायचे तेव्हा मशीन एक. बेकर ढकलायचा आणि फिफिता शेजारून चालायचा, वरातीत चालल्यासारखा. एक संत्रं हातावर ठेवलं की विचारायचा, "अँड माय कम्पॅनियन?" दोन दिली की थँक यू.

पहिल्यांदा आले ते धर्माचंच बोलायला. मी मिलिंदला, माझ्या मुलाला म्हटलं, त्यांना सांग, आमच्या घराने नागपुरात एकदा धर्म बदललाय, चांगला विचार करून बदललाय. सारखा सारखा बदलायला तो काय खिडकीचा पडदा आहे? मिलिंदने इंग्रजीत काय सांगितलं कोण जाणे. फिफिता पोट धरून हसला आणि म्हणाला, मग गवत कापू का? तेव्हापासून यायचे. चहा प्यायचे नाहीत, त्यांच्या धर्मात बसत नाही. चहाशिवाय ही पोरं दिवसभर दारोदार फिरतात, याचंच मला नवल.

दोघांचं पटत मात्र नव्हतं. फिफिता सायकलवर मोठमोठ्याने गायचा, ते बेकरला सोसायचं नाही. बेकर सकाळी उठायचा नाही, फिफिता त्याचं पांघरूण ओढायचा. दोघंही मिलिंदकडे गाऱ्हाणी सांगायचे, आणि तीही एकमेकांसमोर, कारण वेगळं व्हायची सोय नाही. त्या आठवड्यात तर अबोला होता. बेकर रागारागाने पाणीसुद्धा न घेता पुढे निघाला. हा गप्प मागे, नजरेत राहील एवढ्या अंतरावर. टेक्ससचा उन्हाळा. आमच्या दाराशी येऊन बेकर सायकलसकट कोसळला.

घरात एकटी बाई असेल तर आत पाऊल टाकायचं नाही, हाही त्यांचा नियम. नियम मोडला तर मला घरी पाठवतील, असं फिफिता एकदा मिलिंदला म्हणाला होता. तसं झालं तर आईला टोंगात तोंड वर करून चालता यायचं नाही, म्हणाला. आणि इकडे पोरगा डोळ्यांदेखत चालला होता. नागपूरचं ऊन मी खाल्लंय. ऊन लागलेला माणूस मला सांगावा लागत नाही. मी आधी अँब्युलन्सचा नंबर, नाइन वन वन, फिरवला, मिलिंदने पाठ करून घेतलेला पत्ता म्हणून दाखवला, आणि चपला घालून बाहेर आले.

"यू इन, मी आउट," मी म्हटलं. "आता घरात बाई नाही. चल, उचल त्याला."

फिफिताने क्षणभर विचार केला. चूक काढण्यासारखं काही नव्हतं. त्याने बेकरला तान्ह्या पोरासारखं उचललं आणि आत एसीत नेलं.

मी खिडकीबाहेर उभी राहून हुकूम सोडत होते. बूट काढ. टॉवेल भिजव. बर्फ काखेत ठेव, तोंडात पाणी घालू नकोस. अर्धं मराठी, अर्धं हातवारे. फिफिता सगळं करत होता आणि हळू आवाजात गात होता, बेकरला न सोसणारं तेच गाणं. मध्येच त्याने उंबऱ्यावर पाण्याचा ग्लास ठेवला, चार पावलं मागे सरकला आणि मला खूण केली, आता घ्या. मी वाकून घेतला. कोणाचाच धर्म बुडाला नाही.

अँब्युलन्स आली. बेकरच्या आधी फिफिताच आत चढला.

संध्याकाळी मिलिंद हॉस्पिटलात गेला. फिफिता खोलीच्या काचेपाशी उभा. नर्सने खुर्ची दिली होती, पण खुर्चीतून बेकर दिसत नव्हता, म्हणून ती रिकामीच. मिलिंद म्हणाला, अरे बस यार, इथे तुझा रूल कोण बघतंय?

"रूल नाही," फिफिता म्हणाला. "मी नवीन आलो तेव्हा रोज सकाळी जाग यायची आणि ओळखीचं एक तोंड दिसायचं नाही. त्याला जाग आली की कुणीतरी दिसायला हवं. त्याचा राग असला माझ्यावर, तरी."

मिलिंद हे सांगत होता तेव्हा मी मेथी निवडत होते. निवडत राहिले.

बेकर वाचला. फिफिताला कोणी घरी पाठवलं नाही. आणि उन्हात उभी होते मी. मीही वाचले, दोन दिवस डोकं तेवढं दुखलं.