कानबाईच्या साक्षीने घर्षण

आमच्या साक्रीकडे मिश्र वर्ग सुरू करणारा पहिला मास्तर मी. (कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो.) अर्धी मुलं वर्गात, आणि पावसाळ्यात नाल्यापलीकडे अडकणारी पाड्यांवरची अर्धी मोबाइलवर. दोघांनाही एकाच वेळी मी. अडचण एवढीच, की मोबाइलवरची मुलं हजेरी दिली की गुल.

सोमवारी विस्तार अधिकारी वर्ग पाहायला येणार होते. मुलं टिकली नाहीत तर हा प्रकार बंद, असं मुख्याध्यापक लोटन सरांनी बजावलं. म्हणजे पाड्यांवरची पोरं पुन्हा पावसाळाभर शाळेविना. मला ते सहन होणारं नव्हतं.

नेमकी आदल्या रविवारी आमच्याकडे कानबाई देवी बसली. सोमवारी तिला वाजतगाजत नदीवर न्यायचं, त्यामुळे घरचा कर्ता हलणार कसा? मी ठरवलं, वर्ग घरूनच घ्यायचा. पोरं शाळेतल्या मोठ्या टीव्हीवर मला बघतील. घरात पाहुण्यांची गर्दी. चांगला उजेड फक्त कानबाईच्या मांडवात, लाइटच्या माळांचा. मोबाइल समोर ठेवला, मांडवापुढे उभा राहिलो आणि शिस्त म्हणून सगळ्यांचे माइक बंद करून घर्षण शिकवू लागलो.

काय सांगू! एकही पोरगं हललं नाही. उलट मोबाइलवरच्या चौकटींत आया, आज्या, शेजारणी येऊन बसल्या. पालकांचा सहभाग म्हणतात तो हाच. हळूहळू सगळ्यांनी हात जोडले. (इतक्या वर्षांच्या नोकरीत मला कुणी साधा नमस्कारही मनापासून केला नव्हता.) तिकडे शाळेत साहेब स्वतः उभे राहिले, बूट काढले.

"बसा साहेब, संकोच करू नका," मी म्हणालो.

आमची नूतन दारातून हाताने खुणावत होती. "अहो, जरा बाजूला सरका ना."

"शिकवताना मधे बोलू नकोस."

मग आई आली. "कानबाईले पाठ दावू नको रे."

"आई, साहेब बघताहेत."

"तेच तर सांगी राह्यनू."

मी दुर्लक्ष केलं आणि उदाहरणं वाढवली. चाकाला तेल, पायाखालचा चिखल, एकेक समजावताना इकडून तिकडे येरझारा घातल्या. चौकटींतल्या आज्या माना कधी डावीकडे, कधी उजवीकडे करत होत्या. इतकी एकाग्रता मी कधी पाहिली नव्हती.

वर्ग संपताच लोटन सरांचा फोन आला.

"अभिनंदन. एकही मूल शेवटपर्यंत उठलं नाही. साहेब म्हणाले, मिश्र वर्ग चालू ठेवा."

मी डोळे पुसले. पाड्यांवरच्या पोरांची शाळा वाचली होती, आणि ती मी वाचवली होती. नूतन आणि आईलाही ऐकू जावं म्हणून मी फोनचा आवाज मोठा केला.

"माझ्याबद्दल काही म्हणाले का साहेब?"

"हो, म्हणाले ना. दर्शन फार छान झालं, फक्त कानबाईसमोर सारखा आडवा येणारा तो माणूस कोण, म्हणून विचारत होते."