चव्वेचाळिसावी जागा

“रविवार, संध्याकाळी पाच,” टेलरबाईंनी कात्रीचं टोक कॅलेंडरवर टेकवलं. “तोपर्यंत गॅरेजमधलं एकूण एक हत्यार आपापल्या जागेवर दिसलं पाहिजे. नाही दिसलं, तर सोमवारी माझी तिन्ही मशीनं तिकडे.”

“आणि दिसलं तर?” आप्पांनी विचारलं.

“तर गॅरेज तुमचं. मी पुन्हा नाव काढणार नाही.”

आप्पांच्या अंगात वीजच संचारली. टेलरबाई म्हणजे त्यांची बायको. सगळी गल्ली तिला याच नावाने ओळखायची आणि आप्पांना ‘टेलरबाईंचे मिस्टर’ म्हणून. बाहेरच्या खोलीत तीन मशीनं, पलंगावर पडद्यांचे तागे, खुर्च्यांवर शाळेचे गणवेश. परवाच आप्पा विजारीला टाचलेल्या कुणाच्या तरी अर्ध्या बाहीसकट बँकेत जाऊन आले होते. घरात त्यांची म्हणावी अशी जागा एकच, गॅरेज. गाडी विकल्याला चार वर्षं झाली होती. आता तिथे हत्यारं राहत होती, किंवा राहत असावीत असा अंदाज होता.

गंमत अशी, की आप्पांनी एकतीस वर्षं एका मोठ्या कारखान्यात हत्यारांचं स्टोअर सांभाळलं होतं. डोळ्यांवर पट्टी बांधली असती तरी त्यांनी मागाल त्या मापाचा पाना काढून दिला असता. घरी मात्र दिव्याखाली अंधार. रंगाच्या डब्यात खिळे, बिस्किटांच्या डब्यात कानशी आणि बादलीत जे कशातच बसलं नाही ते. एखादं हत्यार शोधून सापडलं नाही की आप्पा नवं आणायचे, आणि नवं ठेवायला जागा करताना जुनं सापडायचं. अशा रीतीने त्यांच्या पदरात चार पकडी पडल्या होत्या.

शुक्रवारी सकाळी आप्पांनी प्लायचा मोठा बोर्ड गॅरेजच्या जमिनीवर आडवा टाकला, त्यावर एकेक हत्यार मांडलं आणि प्रत्येकाभोवती लाल रंगाने रेष ओढली. जिथली वस्तू तिथेच टांगायची. आकार रिकामा दिसला की वस्तू गेली म्हणून समजायचं. करवत, हातोडी, रंधा, गिरमिट. एकेका आकाराखाली आकडा. शेवटचा आकडा चव्वेचाळीस, तो लाकूड तासायच्या रुंद पटाशीचा. ती आप्पांची लाडकी.

शनिवारी मदतीला मेहुणा आला. तो सुतार होता, म्हणजे आप्पांच्या दृष्टीने गिऱ्हाईक.

“आमच्या स्टोअरला नियम होता,” आप्पा ब्रश हवेत नाचवत म्हणाले. “हत्यार हवं? आधी तुझा पितळी बिल्ला त्याच्या खिळ्यावर अडकव, मग ने. खिळ्यावर बिल्ला असला की हत्यार हिशेबात आहे. हरवलेलं नाही, कामावर गेलंय.”

“आणि दुसऱ्याचा बिल्ला अडकवला तर, दाजी?”

“छे! घेणाऱ्याचाच हवा. आणि एकदा तुझा बिल्ला आमच्या भिंतीवर चढला, की तू त्या खात्याचा माणूस. मग तुला तिथून उठवायची मॅनेजरची टाप नव्हती. तीन मॅनेजर आले नि गेले, नियम तिथेच!”

मेहुण्याने हे एकविसाव्यांदा ऐकलं. दाराशी काजं करत बसलेल्या टेलरबाईंनी किती वेळा ऐकलं असेल, त्याची मोजदाद नाही.

संध्याकाळी बोर्ड भिंतीवर चढला. डावीकडे मेहुणा, उजवीकडे टेलरबाई आणि मध्ये शिडीवर आप्पा, नाकासमोर पाणसळ धरून. भिंतीला उजव्या बाजूला पोक होतं, त्यामुळे बोर्ड पडायला आलेल्या दातासारखा डुगडुगत होता.

“उजवीकडून रेट! अगं, रेट! सार काहीतरी... हां, अजून... बस! हलू नका कुणी!” पाणसळीतला बुडबुडा बरोबर मधोमध येऊन थांबला. आप्पांनी वरून चार स्क्रू पिळले आणि बुडबुड्याकडे असं पाहिलं, की एवढ्या प्रेमाने त्यांनी स्वतःच्या लग्नाच्या फोटोकडेही पाहिलं नसेल.

रविवारी सकाळी सात वाजता ते शीळ घालत हत्यारं टांगायला लागले. नऊ वाजता त्रेचाळीस जागा भरल्या आणि शीळ थांबली. चव्वेचाळिसावी जागा रिकामी.

बादली उलटी झाली. डबे उलटे झाले. आप्पा कपाटाखाली छातीपर्यंत शिरले आणि बाहेर यायला त्यांना मेहुण्याची मदत लागली. पटाशी नाही.

“काल कोण कोण आलं होतं इथे?” आप्पांनी स्टोअरकीपरच्या आवाजात विचारलं.

“तुम्ही, मी, ताई,” मेहुणा म्हणाला. “आणि दुपारी शेजारचे डॉक्टर डोकावले होते.”

शेजारचे डॉक्टर दातांचे. ‘जरा देता का’ म्हणत आले, की आप्पांचं काहीतरी घेऊन जायचे. आप्पा तडक कुंपणाशी गेले.

“डॉक्टर, माझी पटाशी!”

“तुमची कोण?”

“पटाशी! लाकूड तासायची! काल तुम्ही तिच्याकडे टक लावून बघत होतात!”

“अहो, मी दात काढतो, तासत नाही लाकडासारखे!” डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. “माझ्याकडे तुमचं काय काय आहे ते आत्ता आणून तोंडावर... म्हणजे समोर ठेवतो. एक खिळा ठेवणार नाही!”

दहा मिनिटांत डॉक्टर दोन पिशव्या घेऊन हजर झाले. दोन कानशी, छोटी करवत, पाइप पाना आणि पाचवी पक्कड. पटाशी नव्हती.

“पक्कड कशाला नेली होतीत?” मेहुण्याने हळूच विचारलं.

“घरच्या नळासाठी!” डॉक्टर ओरडले. “प्रत्येक जण हेच विचारतो!”

आप्पा मात्र गहिवरले. पाइप पान्याला त्यांनी दोन्ही हातांनी धरलं. तो गेल्याचं त्यांना ठाऊकच नव्हतं. पण आनंद ओसरायच्या आत त्यांच्या लक्षात आलं, की पाच हत्यारं आली आणि त्यांना बोर्डावर जागा नाही. एकूण एक हत्यार जागेवर, अशी बोली होती. लाल रंगाचा डबा पुन्हा उघडला.

तेवढ्यात डॉक्टर बोर्डासमोर थबकले. “हा सोळा नंबरचा हातोडा माझा आहे.”

“शक्य नाही.”

“दांड्यावर माझ्या दवाखान्याचा शिक्का आहे.”

शिक्का होता. सव्वीस नंबरच्या मोजपट्टीवरही होता. आणि आप्पा ज्या शिडीवर उभे होते तिच्या पायावरही. सोळा नि सव्वीस मोकळे झाले. आप्पा खाली उतरले आणि शिडी गेली.

गल्लीत बातमी पसरायला एवढं पुरे होतं. ‘टेलरबाईंचे मिस्टर झडती घेतायत’ असं कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याला कळलं आणि तो पिठात माखलेला स्क्रूड्रायव्हर घेऊन धावत आला. समोरच्या व्यायामशिक्षिकेने दोन पाने आणले आणि जाता जाता “ही वायर कापायची पक्कड आमची बरं का” म्हणत आप्पांची चौथी पक्कड नेली. कुणी कानस दिली, कुणी गिरमिट ओळखलं, कुणी रंधा. आप्पा आकार रंगवत होते, आकार खोडत होते, आकड्यांवर आकडे चढवत होते. कपाळावर लाल पट्टा, कोपराला लाल ठिपके. दुपारी तीनला त्यांनी पक्का ताळा केला, तेव्हा नऊ आली होती, पाच गेली होती. बोर्ड एखाद्या मोठ्या कुटुंबाच्या फोटोसारखा गच्च भरला होता. फक्त चव्वेचाळिसावी जागा आ वासून होती.

“दाजी, नवी आणूया का बाजारातून?” मेहुणा म्हणाला.

“अशीच आणत आलो म्हणून चार पकडी झाल्या!” आप्पा गरजले. “आमच्या कारखान्यात हत्यार कमी भरलं तर गेट बंद व्हायचं. सापडेपर्यंत कुणी घरी जायचं नाही.” आणि त्यांनी खरंच शटर खाली ओढलं.

आत मेहुणा होता, ठीक. पण विसरलेली मोजपट्टी न्यायला परत आलेले डॉक्टरही होते.

“अहो, माझा पेशंट येणार आहे! दाढ ठणकतेय त्याची!”

“पटाशी सापडली की जा.”

तिघांनी पुन्हा कोपरा न् कोपरा धुंडाळला. साडेचारला शटरवर थाप पडली. आप्पांनी ते कमरेइतकं उचललं. गालाला फडकं बांधलेला एक गृहस्थ वाकून आत आला आणि सरळ झाला. त्याच्या समोर धुळीने माखलेले डॉक्टर उभे होते, हातात करवत. शेजारी लाल रंगाने भरलेला माणूस. मागे भिंतीवर ओळीने पकडी, कानशी, गिरमिटं.

“दाढ कुठली?” डॉक्टरांनी विचारलं.

“थांबली,” गृहस्थ म्हणाला. “अगदी थांबली.” आणि तो आला त्याच्या दुप्पट वेगाने वाकून निघून गेला.

“बघा!” डॉक्टरांनी करवत खाली टाकली. आप्पांनी ती उचलून चटकन तिच्या जागी टांगली.

पाचला दोन मिनिटं कमी असताना टेलरबाई आल्या. गळ्यात टेप, बोटात शिवताना घालायची पितळी टोपी. त्यांनी बोर्ड डावीकडून उजवीकडे वाचला, मापं घेताना माणूस वाचतात तसा.

“छान केलंय हो,” त्या म्हणाल्या, आणि खरंच मनापासून म्हणाल्या. “एवढं एकच राहिलं?”

एकतीस वर्षांत एकही हत्यार न हरवणारा माणूस स्वतःच्या गॅरेजमध्ये एका पटाशीपायी हरणार होता. उद्या इथे पडदे शिवले जाणार, आणि ते कुठे बसणार? गणवेशांच्या ढिगावर.

“पटाशी सापडत नाही गं,” ते म्हणाले.

“पटाशी होय? ती बोर्डाच्या मागे आहे.”

तिघांच्याही माना बोर्डाकडे वळल्या.

“मागे?”

“उजवीकडे. काल तुम्हीच ओरडलात ना, सार काहीतरी म्हणून? पायाशी तीच होती. सारली.”

“आणि सकाळपासून हे तू सांगितलं नाहीस?”

“तुम्ही डॉक्टरांना विचारलंत, बेकरीवाल्याला विचारलंत, गल्लीतल्या झाडून सगळ्यांना विचारलंत. मला कुठे विचारलंत? मला वाटलं, दुसरं काही शोधताय.”

आप्पा बोर्डाकडे झेपावले. भिंत आणि प्लाय यांच्या फटीत पटाशीची मूठ दिसत होती. त्यांनी ती धरली आणि किंचित ओढली. बोर्ड कण्हला, अठ्ठेचाळीस आकारांतली सत्तेचाळीस हत्यारं एकदम किणकिणली.

“दाजी, सोडा!” मेहुणा किंचाळला. “ती पाचर आहे! ती निघाली तर सगळं खाली येईल!”

“नवी पाचर कर पटकन!”

“करवत लागेल, हातोडी लागेल. ती काढली तर त्यांच्या जागा रिकाम्या!”

घड्याळात एक मिनिट उरलं होतं. पटाशी जागेवर आणावी तर बोर्ड जातो, बोर्ड राखावा तर पटाशी जाते. आप्पांचा हात मुठीवर तसाच राहिला. मग त्यांचे डोळे चमकले.

“बिल्ला!” त्यांनी खिशातून निवृत्तीच्या दिवशी मिळालेला पितळी बिल्ला काढला. “पटाशी हरवलेली नाही! कामावर आहे! बोर्ड धरून उभी आहे बिचारी! खिळ्यावर बिल्ला असला की हत्यार हिशेबात! काय रे?”

“नियमच आहे,” मेहुणा म्हणाला.

“मी साक्षीदार,” डॉक्टर म्हणाले. त्यांना घरी जायचं होतं.

आप्पांनी बिल्ला चव्वेचाळिसाव्या खिळ्याशी नेला.

“थांबा,” टेलरबाई म्हणाल्या. “पटाशी तुम्ही घेतलीत?”

“नाही... तू.”

“मग तुमचा बिल्ला कसा चालेल? घेणाऱ्याचाच हवा ना?”

आप्पांनी मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्याने छताकडे पाहिलं. टेलरबाईंनी बोटातली पितळी टोपी काढली आणि शांतपणे चव्वेचाळिसाव्या खिळ्यावर बसवली. बरोबर बसली, मापाची.

“घ्या. सगळं हिशेबात आलं. जिंकलात तुम्ही, गॅरेज तुमचं.”

“जिंकलो!” आप्पांनी दोन्ही हात वर केले. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. आप्पांनी मेहुण्याला मिठी मारली, लाल रंगासकट. मग त्यांचे हात हळूहळू खाली आले. त्यांनी टोपीकडे पाहिलं, मग बायकोकडे.

“माझा बिल्ला भिंतीवर चढला,” टेलरबाई म्हणाल्या. “आता मी या खात्याची. मला इथून उठवायची टाप कुणाची?”

“मॅनेजरचीही नाही,” मेहुणा पुटपुटला.

“मग आज तीन पुरुष आयते सापडलेत, तर सोमवारपर्यंत कशाला थांबायचं? चला, पहिलं मशीन उचला.”

तिघं चालू लागले. डॉक्टर पुढे, मेहुणा मागे, मध्ये मशीन. गॅरेजच्या उंबऱ्यावर ते पोचले, तोच आप्पा पुढे धावले आणि हात आडवा करून समोर उभे राहिले.

“थांबा!” त्यांचा आवाज चढला होता, डोळे लकाकत होते. “असं कुठेही नाही ठेवायचं! आधी जागा आखू दे!”

आणि ते लाल रंगाचा डबा घेऊन जमिनीवर गुडघ्यांवर बसले.