माझं नाव तेवढं खाली घ्या

"मालिनी, लिहून ठेव. हे वार्तापत्र असं निघेल की लोक फ्रेम करून भिंतीला लावतील!" असं दिनानाथ गुप्ते बायकोला छातीठोकपणे म्हणाले होते. आणि तुम्हाला सांगतो, एकानं लावलंसुद्धा! कसं लावलं, ते पुढे येईलच.

साल एकोणीसशे एकोणनव्वद. बी.एस्सी. होऊन पंचवीस वर्षं झाली म्हणून वर्गातल्या बत्तीस जणांनी जमायचं ठरवलं होतं. जागा चामटोलीला, दौलतरावांच्या अंगणात. हे दौलतराव म्हणजे डिग्री घेऊन सरळ वडिलांच्या शेतावर परत गेलेला वर्गातला एकमेव गडी. जमण्याआधी कोण कुठे आहे, काय करतो, हे छापून सगळ्यांना पाठवायचं होतं. ते काम दिनानाथांनी मागून घेतलं.

का मागून घेतलं? अहो, कॉलेजात हा माणूस कुणाला दिसतच नसे! समोर बसून "हजर" म्हणाला तरी प्रोफेसर विचारायचे, "कोण बोललं?" आता ते अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत स्टोअर्स ऑफिसर झाले होते. एवढी गोष्ट एकतीस जणांना कळल्याशिवाय त्यांच्या जिवाला चैन पडणार नव्हती.

सगळ्यांकडून पोस्टकार्डं मागवली. डावीकडे नाव, उजवीकडे खबर, अशी यादी केली. पहिलं नाव अर्थातच स्वतःचं: "स्टोअर्स ऑफिसरपदी बढती. स्टेशनजवळ स्वतःचा ब्लॉक. घरी टेलिफोन. पाहुण्यांसाठी वेगळा सोफा." मग दौलतराव, डॉक्टर पद्मजा, बँकेतला शशिकांत असे एकेक करत शेवटी वृंदा, कारण तिचं कार्ड सगळ्यांत उशिरा आलं. दिनानाथांनी उल्हासनगरच्या लछमनदासच्या प्रेसमध्ये बसून प्रूफ तीनदा वाचलं. काना-मात्रेची चूक नाही!

घरी मालिनीबाईंनी प्रूफ पाहिलं. "अहो, काढणाऱ्यानं स्वतःचं नाव पहिलं घालायचं? बरं दिसतं का? शेवटी घाला. नम्रपणा दिसेल."

नम्रपणा दिसणार म्हटल्यावर दिनानाथांनी लगेच फोन फिरवला. "लछमनदास, मेरा नाम उतना नीचे लो. एकदम आखिर में!"

"हो जायेगा साईं, चिंता मत करो!"

आणि झालंही. गठ्ठा आला, तळाला स्वतःचं ठसठशीत नाव बघून दिनानाथ सुखावले, आणि त्यांनी तिकिटं चिकटवून सगळे अंक पोस्टात टाकले. खबरा पुन्हा कशाला वाचायच्या? पाठ होत्या!

तिसऱ्या दिवशी तो कौतुकाचा टेलिफोन वाजला.

"दिन्या!" शशिकांत ओरडला. "मी बिनलग्नाचा माणूस! आणि माझ्या नावापुढे काय छापलंयस? 'आजवर चार हजार बाळंतपणं केली!' आमच्या शिपायानं न वाचताच फ्रेम करून कॅश काउंटरवर लावलंय!"

फोन ठेवतात तोच पद्मजाचा. "दिनानाथ, अंक मी मोठ्या कौतुकानं दवाखान्यात ठेवला रे. आता पेशंट विचारतात, 'बाई, सात म्हशी बांधता कुठे?' सकाळी एक बाई किटली घेऊन आली!"

दिनानाथांनी तशाच चपला चढवल्या. रिक्षा पकडून ते उल्हासनगरला पोचले. लछमनदास शांतपणे लग्नपत्रिका मोजत होता.

"साईं, आपने बोला नाम नीचे लो. मैंने टाइप के खिळे उठाके नाम नीचे बिठा दिया. खबर का तो आपने कुछ बोलाच नहीं!"

झालं होतं ते एवढंच. पहिलं नाव तळाला गेलं, बाकीची एकतीस नावं एकेक ओळ वर सरकली, आणि खबरा जागच्या हलल्या नाहीत. प्रत्येकाची खबर पुढच्याच्या गळ्यात! दौलतरावांच्या म्हशी पद्मजाकडे, पद्मजाची बाळंतपणं शशिकांतकडे. दिनानाथांची बढती, ब्लॉक आणि सोफा गेला दौलतरावांकडे. आणि शेवटच्या वृंदाची खबर दिनानाथांच्या नावापुढे.

रविवारी ते मालिनीबाईंना घेऊन चामटोलीला गेले ते शिक्षेला निघाल्यासारखे. खिशात शुद्धिपत्र. पोचल्याबरोबर सगळ्यांसमोर वाचायचं, माफी मागायची, आणि ओघात स्वतःची बढतीही सांगून टाकायची!

पण अंगणात पाय टाकला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. दौलतरावांनी गळ्यात झेंडूचा हार घातला. शशिकांत बाळंतपणं विसरून खड्या आवाजात वाचायला लागला, "दिनानाथ गुप्ते. बुवापाड्यात कामगारांच्या मुलांना रोज संध्याकाळी गणित शिकवतो. बारा वर्षांत एकशे चाळीस मुलं दहावी पास. फी नाही." मग त्यानं मिठीच मारली. "लेका, आम्ही तुला ओळखलंच नाही रे!"

पंचवीस वर्षांत पहिल्यांदा हा माणूस सगळ्यांना दिसत होता! आणि काय गोड वाटलं म्हणून सांगू! शुद्धिपत्र खिशात गप्प पडलं. एक मिनिट गेलं, दोन गेली. बुवापाडा त्यांच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. आजवर तिथे एकदाही पाऊल पडलं नव्हतं.

तेवढ्यात त्यांना मागच्या रांगेत वृंदा दिसली. साधी सुती साडी, खांद्याला शबनम पिशवी. तिच्या नावापुढे छापलं होतं, "डोक्यावरचे केस गेले, मिशा मात्र भरघोस राखल्या आहेत." आणि ती बाई हसत हसत दिनानाथांसाठी टाळ्या वाजवत होती! स्वतःच्याच कामासाठी, दुसऱ्याच्या नावानं!

दिनानाथांना राहवेना. हार काढून ते ओरडले, "तो मी नाही! ती वृंदा आहे! मी तिचं कार्ड नुसतं उतरवून काढलं, प्रूफ वाचलं तेही काना-मात्रेपुरतं!"

आधी पद्मजा उठली, तिच्यामागून सगळे उठले. दौलतरावांची बायको राजाबाई भाकऱ्या टाकायच्या सोडून पिठाच्या हातांनी बाहेर आली आणि तिनं वृंदाला जवळ घेतलं. दिनानाथांचे डोळे भरून आले. खरंच आले, ते पुढे कधी नाकारत नसत.

"ते राहू दे," दौलतराव म्हणाले. "माझ्या म्हशी डॉक्टरीणबाईंकडे गेल्या, ते समजलं. पण माझ्या नावावर हे कोणाचं घातलंस? टेलिफोन काय, सोफा काय! गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही. लोक म्हणतात, दौलत, तुझ्या एवढ्या म्हशी, आणि तू सोफ्याचं सांगतोस? एवढं फुटकळ लिहिलंन कोणी?"

मालिनीबाईंनी तोंड उघडलं. दिनानाथांनी त्यांच्या पायावर पाय दिला.

"प्रेसवाल्याच्या घरची खबर असेल," ते म्हणाले.

वालाचं बिरडं आणि तांदळाच्या भाकऱ्या खाऊन सगळे निघाले, तेव्हा वृंदा हळूच जवळ आली. "दिनानाथ, सोफा चांगला आहे ना रे?" दिनानाथांनी मान खाली घातली. "मग सोमवारी साडेपाचला ये. आठवीचा वर्ग माझ्या एकटीच्यानं होत नाही. तुझ्या नावावर छापून तर आलंच आहे."

सोमवारी दिनानाथ इस्त्रीचा शर्ट घालून बुवापाड्यात हजर! त्यांनी फळ्यावर ऐटीत एक व्याजाचं उदाहरण सोडवलं. पहिल्या रांगेतली कुंदा नावाची मुलगी वहीत पुन्हा पुन्हा बघत राहिली. मग तिनं पलीकडच्या खोलीकडे तोंड करून हाक मारली.

"बाई, नवे सर कच्चे आहेत!"

"माहीत आहे मला," आतून वृंदाचा आवाज आला. "तू बस त्यांच्याजवळ. होतील हळूहळू तयार."