सगळे हो म्हणतील तेव्हा लॅपटॉप सुरू होईल

एक खिडकी, एक पेंग्विन, एक वाघ.

तेंदूचं पान कोवळं असतं तोवर विडीचं. राठ झालं की कुणाचंच नाही.

मुखरूभाऊ बकऱ्या घेऊन तलावाकडे गेले आहेत. त्यांचं मतही त्यांच्यासोबत गेलं आहे.

"पण हे बनवलं कोणी, ते सांगा ना आधी!" सभेत कुणीतरी विचारतं.

दीपिकाचा उजवा डोळा सकाळपासून लवतो आहे.

मुदत पाचपर्यंत.

कोसमटोल्याच्या ग्रामसभेत मतदान होत नाही. हात वर करायचे नाहीत, मोजायचे नाहीत. सगळे "हो" म्हणाले की ठरलं. एकानं जरी "नाई" म्हटलं तरी सगळं थांबतं, आणि त्या माणसाचं म्हणणं संपेपर्यंत कुणी मध्ये बोलत नाही. बाहेरच्यांना हे वेडेपणाचं वाटतं. पण एका वर्षी साऱ्या गावाला एक गोडबोल्या ठेकेदार पसंत होता आणि एकट्या शकुबाई "नाई" म्हणाल्या होत्या. तो ठेकेदार पुढे शेजारच्या गावाची पानं ट्रकमध्ये भरून जो गेला, तो अजून गेलेलाच आहे. तेव्हापासून या रीतीला कुणी नावं ठेवत नाही.

अशा गावाला एका संस्थेनं लॅपटॉप दिला, आणि त्यात कुठली ऑपरेटिंग सिस्टीम हवी हा प्रश्न ग्रामसभेपुढे आला.

जाणकार तीन होते. सुरज पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत, सुट्टीवर आलेला. त्याचं प्रेम लिनक्सवर, म्हणजे पेंग्विनचं चित्र असलेल्या सिस्टीमवर. विक्कीचा गोंडपिपरीत कॉम्प्युटर क्लास. त्याच्यासाठी विंडोज म्हणजेच कॉम्प्युटर, बाकी सगळे छंद. तिसरा लोकेश, नागपूरला इंजिनिअरिंगला. त्यानं स्वतःची सिस्टीम बनवली होती. नाव 'अरण्य'. सुरू करताच पडद्यावर वाघ यायचा.

"बनवली काहीची!" सुरज म्हणाला. "माझंच लिनक्स हाये ते. यानं वाघाचा फोटो लावला फक्त."

"फोटो लावला? रात्र रात्र जागून राह्यलो मी! जगात शेकडो लोकांनी अशाच बनवल्या हायेत. त्यायले डेव्हलपर म्हणते, मले फोटोवाला?"

सभेचे जुने जाणते बुधूभाऊ यांनी हात वर केला. "भांडू नका. मले सांगा, हे खिडकीवालं कोणाचं?"

"अमेरिकेतल्या कंपनीचं," विक्की म्हणाला.

"आत काय हाये ते दाखवते का थे?"

"नाई दाखवत. कशाले पाह्यजे? चालते ना!"

"आन पेंग्विनवालं?"

"ते साऱ्या जगाचं, भाऊ," सुरज सरसावून बसला. "फिनलंडच्या एका पोट्ट्यानं कॉलेजात असताना सुरू केलं. मंग जगभरच्या हजारो लोकायनं हात लावला. आपल्या जंगलासारखं हाये, सगळ्यायचं."

सभेत कौतुकाची कुजबुज झाली. बुधूभाऊंनी विचार केला. "सगळे हो म्हणते तेव्हाच नवीन काही घेते का त्यात?"

सुरज जरा अडखळला. "नाई... शेवटी काय घ्याचं ते तोच ठरवते."

"मंग काहीचं जंगल!"

सभा तीन दिवस चालली. शेवटी सगळ्यांना मान्य होईल असा एकच तोडगा निघाला: तिन्ही टाका. तिघांनी मिळून तिन्ही टाकल्या. आता लॅपटॉप सुरू केला की आधी यादी येई. खिडकी, पेंग्विन, वाघ, कोण हवंय? दहा सेकंदांत कुणी काही निवडलं नाही तर लॅपटॉप आपल्या मनानं पहिली उघडे.

"काऊन?" बुधूभाऊंनी विचारलं. "सभा बसली असताना हा कोण ठरवणारा?"

लोकेशनं ते दहा सेकंद काढून टाकले. मग ठराव झाला: कुठली सिस्टीम उघडायची ते प्रत्येक वेळी सर्वांच्या सहमतीनं, आणि ग्रामसभेचं काम ग्रामसभेसमोरच. तेव्हापासून लॅपटॉप उघडला की तो गाव एक होण्याची वाट बघत बसे.

दीपिका सचिव. तिचा हा पहिलाच हंगाम. यंदा पानांचा लिलाव गावानं स्वतः करावा, हे तिनंच घरोघरी फिरून पटवलं होतं. लिलावाची सूचना आज पाचच्या आत सरकारी संकेतस्थळावर चढवायची होती. नाही चढली तर ठेकेदार बाजूच्या गावांत जातील, पानं झाडावर राठ होतील, आणि पावसाळाभर गाव तिच्याकडे बघत बसेल.

अडचण एवढीच होती. सूचना तिनं टाइप केली होती पेंग्विनमध्ये. डिजिटल सही चालायची फक्त खिडकीत. आणि इंटरनेट लागायचं ते वाघात.

"माझ्यातही लागते नेट," सुरज म्हणाला. "पण हा सेटिंग सांगन तं ना!"

"ते डेव्हलपरचं काम हाये," लोकेश म्हणाला आणि छताकडे बघू लागला.

"बुधूभाऊ," दीपिका म्हणाली, "तिन्हीची सहमती एकदमच घेऊन टाकू. पहिले पेंग्विन, मंग खिडकी, मंग वाघ."

"नाई पोरी. एका हो वर तीन कामं करत नाई. मंग सभा कशाले पाह्यजे?"

पेंग्विनला सहमती मागितली. सगळे हो म्हणाले. मुखरूभाऊ नव्हते. त्यांना तलावाकडून आणायला माणूस गेला. बकऱ्यांसकट आले.

"मुखरूभाऊ, पेंग्विन चालते का?"

"तुम्ही म्हणान ते."

"आमचं नाई, तुमचं मत सांगा."

"मले काय समजते त्यातलं?"

"म्हणून तं सांगू समजावून," बुधूभाऊ म्हणाले, आणि सुरजनं पुन्हा फिनलंडपासून सुरुवात केली. एक बकरी लॅपटॉपची वायर चघळू लागली. दीपिकानं ती वायर बकरीच्या तोंडातून सोडवली, आणि त्याच क्षणी मुखरूभाऊ "हो" म्हणाले. तिनं सूचना पेनड्राइव्हमध्ये घेतली.

लॅपटॉप बंद. पुन्हा चालू. यादी.

खिडकीला शकुबाई तयार होईनात. "आत दाखवत नाई म्हणते ना हा? मंग आपली सही कायले द्याची त्याच्या हातात?"

"बाई, सही आपल्याच जवळ राहते!" विक्की कळवळला.

"ठेकेदारही असंच म्हणे."

दीपिकानं शकुबाईंचे पाय धरायचेच बाकी ठेवले. अर्ध्या तासानं बाईंनी होकार दिला, पण सही करताना पडद्याजवळ बसून राहण्याच्या अटीवर. सही झाली, सूचना पुन्हा पेनड्राइव्हमध्ये आली. बाईंनी मान डोलावली.

बंद. चालू. यादी.

वाघाला कुणाची ना नव्हती. वाघाला गावात कोण नाही म्हणणार? वाघ आला. इंटरनेट लागलं. लोकेशनं सगळ्यांकडे विजयी नजरेनं पाहिलं. संकेतस्थळ उघडलं आणि त्यावर लाल अक्षरं आली: ही प्रणाली येथे चालत नाही. कृपया दुसरी वापरा.

"पाह्यलं? मी म्हटलं होतं!" विक्की.

"त्यायचं संकेतस्थळच भंगार हाये!" लोकेश.

"मुक्त प्रणालीच्या विरोधात कट हाये हा," सुरज.

चार वाजून गेले होते. बुधूभाऊ शांतपणे म्हणाले, "कोणी भांडू नका. आपण परत खिडकीले सहमती घेऊ, नेटचंही तिथीच पाहू. बोला, खिडकी. हो?"

"हो." "हो." "हो." मुखरूभाऊसुद्धा पटकन "हो" म्हणाले. शकुबाई हो. सगळी सभा हो.

"नाई," दीपिका म्हणाली.

सचिव कधी नाई म्हणत नसतो. सचिव लिहितो.

"तू नाई म्हणून राह्यली, पोरी?" बुधूभाऊंनी पुन्हा विचारलं.

"हो. मी नाई म्हणून राह्यली. आन माझं म्हणणं संपेपर्यंत कोणी मध्ये बोलाचं नाई, बरोबर?"

"बरोबर."

"माझं म्हणणं गोंडपिपरीत हाये. घेऊन येते."

तिनं पेनड्राइव्ह उचलला, स्कूटीला किक मारली आणि गेली. विक्की "अवं, पण..." म्हणाला तशी बुधूभाऊंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो खाली बसला. तिचं म्हणणं चालू होतं.

गोंडपिपरीच्या बसस्टँडजवळच्या सेवा केंद्रात एक मुलगी चिवडा खात बसली होती. तिनं पेनड्राइव्ह लावला, चार ठिकाणी टिचक्या मारल्या आणि म्हणाली, "चढलं, ताई." त्या कॉम्प्युटरमध्ये कुठली सिस्टीम होती ते दीपिकानं पाहिलं नाही. पाहायची इच्छाच नव्हती. बाहेर येऊन तिनं स्कूटीवर डोकं टेकवलं आणि थोडा वेळ तशीच उभी राहिली.

ती परत आली तेव्हा अंधारत होतं. सभा तिथेच होती. जसे बसले होते तसेच सगळे बसले होते, कुणी एक शब्द बोललं नव्हतं. सुरज, विक्की आणि लोकेश यांचे चेहरे दाबून ठेवलेल्या वाक्यांनी सुजल्यासारखे दिसत होते.

"चढली सूचना," दीपिका म्हणाली. "झालं माझं म्हणणं."

बुधूभाऊंनी समाधानानं मान हलवली. "चांगलं झालं. आता तुयी नाई मिटली ना?"

"मिटली."

"मंग सांगा सगळे," बुधूभाऊ सभेकडे वळले. "खिडकीले हो का?"

लॅपटॉप आला त्या दिवशी त्यात या तिन्हींहून वेगळी एक सिस्टीम होती, नीट चालत होती, तिच्यात इंटरनेटही लागत होतं. ती पुसून टाकावी यावर सुरज, विक्की आणि लोकेश यांचं लगेच एकमत झालं होतं.