ब्रेकलाइट बहिणीकडे आहेत

डॉ. विजया खांडके यांच्या गाडीचे ब्रेकलाइट त्यांनी ब्रेक दाबला की लागत नसत. अमरावतीला त्यांची धाकटी बहीण निमा ब्रेक दाबायची, तेव्हा लागत.

हे कळायला जरा वेळ गेला. विजयाताई कराडला दातांचा दवाखाना चालवत आणि गाडीतलं त्यांना फारसं कळत नसे. मागून येणाऱ्यांच्या शिव्या खाऊन झाल्यावर त्या मुनाफच्या गॅरेजमध्ये गेल्या. मुनाफने बल्ब बदलले, फ्यूज पाहिला, पेडलखालचा स्विच नवा टाकला. विजयाताईंनी पेडल दाबलं तर दिवे ढिम्म. किल्ली घेऊन त्या खाली उतरल्या आणि रिकाम्या गाडीचे दिवे लागले. थोडा वेळ राहिले, मग विझले.

मुनाफ हात पुसत म्हणाला, "मॅडम, वायरिंगमध्ये दोष नाही. हे दुसऱ्याच कुणाच्या पायानं लागतायत. घरात अजून कोण गाडी चालवतं?"

"मी एकटीच असते."

"भावंडं?"

"बहीण आहे. अमरावतीला."

"बोलणं-चालणं?"

विजयाताईंनी पर्स उगाच उघडून बंद केली. "नाही."

"मग तेच. तुमच्या पायानं त्यांचे लागत असणार. दोन्ही गाड्या पाठीला पाठ लावून उभ्या केल्या की सुटतं. बोलवून घ्या त्यांना."

परिवहन कार्यालयातल्या साहेबांचंही तेच मत पडलं. "दोघी बहिणी समक्ष लागतील," ते म्हणाले. "तोवर मागे पाटी लावा आणि हात बाहेर काढून इशारा देत चला." विजयाताईंनी पाटी रंगवून घेतली : 'ब्रेकलाइट बहिणीकडे आहेत. अंतर ठेवा.'

बोलवून घ्या म्हणणं सोपं होतं. आई गेली तेव्हा निमा एक दिवस उशिरा पोचली, आणि विजयाताई दारातच तिला म्हणाल्या होत्या, "आता कशाला आलीस?" निमा उंबऱ्याबाहेरूनच परत फिरली. त्याला बरीच वर्षं झाली होती.

म्हणून त्यांनी निमाला बोलावलं नाही. फक्त गाडी अंगणात उलटी लावू लागल्या, मागची बाजू स्वयंपाकघराच्या खिडकीकडे करून. सकाळी चहा उकळत असताना दिवे लागत. निमा कॉलेजात शिकवायला निघालेली असे. बराच वेळ लागून राहिले की रेल्वेचं फाटक पडलेलं. फटकन लागून विझले की काहीतरी आडवं आलेलं, आणि विजयाताई गाळणं हातात धरून म्हणत, "सावकाश गं." रविवारी भर दुपारीही दिवे लागत. एवढ्या उन्हात ही जाते कुठे, हे त्यांना फार विचारावंसं वाटे.

एका सकाळी दिवे एकदम लख्ख लागले आणि विझले. त्यानंतर ते लागलेच नाहीत. आठवडा गेला. मुनाफने तपासून सांगितलं, "आपल्या बाजूनं सगळं ठीक आहे." म्हणजे जे झालं होतं ते अमरावतीला.

फोन हातात घेतला की अंगठा हलेना. शेवटी त्या गाडीत जाऊन बसल्या आणि ब्रेक दाबून धरला. पायाला मुंग्या आल्या तरी सोडला नाही. फोन वाजला.

"ताई, पाय उचल. माझी बॅटरी उतरतेय."

विजयाताईंनी पाय उचलला. "तू बरी आहेस ना?"

"बैल आडवा आला, म्हणून झाडावर घातली. गाडीला पोचा, मला प्लास्टर." निमा थोडी थांबली. "तू रोज संध्याकाळी कुठे थांबतेस गं? किती वेळ पाय काढत नाहीस ब्रेकवरून."

"नदीवर. संगमाशी."

"मग उतरत का नाहीस?"

"एकटीनं काय उतरायचं."

विजयाताईंनी गाडीची किल्ली काढून मुठीत धरली.

"मी येते," विजयाताई म्हणाल्या.

उजाडताच त्या निघाल्या. फलटणला रेल्वेफाटकाशी थांबल्या, तर लगेच फोन : "फाटक का?" जालन्याच्या अलीकडे एका हवालदाराने अडवलं. पाटी दोनदा वाचली आणि विचारलं, "आता बोलणं आहे का बहिणीशी?"

"आहे."

"मग जावा. ट्रकवाल्यांपासून जपून."

मूर्तिजापूर मागे पडलं तसा सूर्य कलला. दिवेलागणीला त्या निमाच्या गल्लीत वळल्या आणि फाटकाशी त्यांनी ब्रेक दाबला. आत पोर्चमध्ये पोचा आलेल्या गाडीचे दिवे लागले. गाडीमागे खुर्ची टाकून निमा बसली होती, पाय स्टुलावर. तिच्या पांढऱ्या प्लास्टरवर लाल उजेड पसरला. केस पिकले होते तिचे. ती रस्त्याकडे बघतच नव्हती. दिव्यांकडे बघत होती आणि हसत होती.

विजयाताई तशाच ब्रेकवर पाय रोवून बसून राहिल्या.

"हँडब्रेक ओढ आणि आत ये," निमा दिव्यांकडे बघतच म्हणाली. "वरण निवतंय."