टोपीतली वरात

घरात लग्न ठरले की घरच्या मधमाश्यांना तशी खबर द्यायची, नाहीतर त्या रुसून पेटी सोडतात, ही इंग्लंडमधल्या डेव्हनची जुनी रीत जादूच्या इतिहासाच्या अभ्यासक डॉ. ऑगस्टा गॅरवे यांना ठाऊक नव्हती असे नाही. तिच्यावर त्यांनी एक अख्खे प्रकरण लिहिले होते आणि ते शेवटपर्यंत वाचल्याचा दावा त्यांच्या प्रकाशकानेही केला नव्हता. म्हणूनच टॅम्सिनने, त्यांनीच वाढवलेल्या पोरक्या भाचीने, मधपेट्यांपाशी जाऊन दोन शब्द बोलायची गळ घातली, तेव्हा त्या बर्फासारख्या स्वरात म्हणाल्या, "अभ्यासक विधी नोंदवतो. करत नाही."

"अगं मावशी, पेट्या तुझ्या आहेत. तुझ्याच तोंडून ऐकायचं असतं त्यांना. त्या कादंबरीतली थोरली चेटकीण काय म्हणते..."

"त्या कादंबरीचं नाव या घरात नको!"

जादूविषयीचे सारे ज्ञान लोक हल्ली झाडूवर बसणाऱ्या विनोदी म्हाताऱ्यांकडून घेतात, या विचारानेच बाईंच्या कपाळाची शीर उडू लागे.

लग्नाच्या दिवशी मावशीच्या हाताला धरून टॅम्सिन चर्चपाशी आली आणि थबकली. फाटकाच्या कमानीला भोपळ्याएवढा घोस करून मावशीच्याच मधमाश्या लटकल्या होत्या. फाटकातून मुंगीलाही वाट नव्हती.

"मागच्या गल्लीतून उत्तरेच्या दारानं जाऊ," टॅम्सिन म्हणाली.

"सैतानाच्या दारानं?" नवऱ्या मुलाच्या आजी, लव्हडेआजी, काठी आपटत पुढे झाल्या. "बारशाला पोराच्या अंगातला सैतान ज्या दारानं बाहेर घालवतात, त्या दारानं माझी नातसून आत येणार? मी मेले तरी नाही!"

"मरायचं असेल तर रांग आहे, आजी," फाटकापलीकडून पाद्रीबाबा म्हणाले. "यानंतर लगेच एक अंत्यविधी आहे. मेलेली माणसं नवऱ्या मुलींसारखा उशीर करत नाहीत. आता जमलं तर जमलं, नाहीतर पुढच्या शनिवारी."

पुढच्या शनिवारी नवरदेव भर समुद्रात असणार होता. त्याची बोट उद्याच सुटत होती. टॅम्सिनचे डोळे भरून आले.

बाई पुढे सरसावल्या आणि त्यांनी माश्या शांत करण्याचा हजार वर्षांपूर्वीचा मंत्र खणखणीत म्हटला. उत्तरादाखल एका माशीने पाद्रीबाबांच्या कानाला डंख मारला.

"उच्चार चुकला असेल," लव्हडेआजी म्हणाल्या.

"उच्चार निर्दोष होता."

"मग माश्याच अडाणी म्हणायच्या."

"मावशी," टॅम्सिन हळूच म्हणाली, "थोरली चेटकीण म्हणते, मंत्रानं हलत नाही ते माफीनं हलतं."

"अर्धवट उद्धरण!" बाई कडाडल्या. "'मात्र टोपी डोक्यावर ठेवून मागितलेली माफी ही नुसती सूचना असते.' पुढचं वाक्य कोण सांगणार?"

टॅम्सिनने चमकून मावशीकडे पाहिले. आपण काय बोलून बसलो हे बाईंना सर्वांत शेवटी कळले. तोवर वऱ्हाडाच्या नजरा त्यांच्या डोक्यावरच्या रेशमी फुलांच्या टोपीवर खिळल्या होत्या.

ओठ घट्ट मिटून त्यांनी टोपी काढली आणि कमानीखाली उलटी धरली. "चूक माझी," त्या पुटपुटल्या. "टॅम्सिनचं लग्न आहे. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं."

याला जादू म्हणावे, की मधमाश्यांच्या मेणाच्या वड्यांशेजारी वर्षानुवर्षे कपाटात मुरलेल्या टोपीचा वास, हे विद्वानांनी ठरवावे. घोस अलगद सुटला आणि टोपीत विसावला.

"चल ना आत, मावशी!"

"कशी येऊ? हातात ही वरात आहे." बाईंनी टोपी आणखी जपून धरली. "जा तू. मी यांना सांगते."

आणि पाद्रीबाबा, वऱ्हाड, टॅम्सिन असे सगळे आत गेल्यावर जादूच्या इतिहासाची ती महापंडिता बोडक्या डोक्याने फाटकात उभी राहून टोपीशी बोलत होती. "आता भजन. बेसूर आहे, मनावर घेऊ नका. पोरगा अडखळला, घाबरलाय... म्हणाली! हो म्हणाली बरं का!"

लग्न आटोपल्यावर लव्हडेआजी जवळ आल्या. "ते टोपीचं वाक्य कुठल्या पोथीतलं हो?"

बाईंनी इकडेतिकडे पाहिले. टॅम्सिन दूर फोटोसाठी उभी होती.

"तिसऱ्या भागातलं," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "पण पहिले दोन वाचल्याशिवाय गोडी नाही. उद्या या, देते. पानं मात्र दुमडायची नाहीत."