मासोळीचं पारणं

या, जवळ सरका, टाळ खाली ठेवा. एक गोष्ट सांगतो. पुण्य लागेल, निदान वेळ तरी जाईल.

उपास करणाऱ्यापेक्षा उपास जाहीर करणाऱ्याला पुण्य अधिक, हे सर्वमान्य आहे. (शंका असल्यास आमच्या मंडळात या.)

देवराज मोहल्ल्यातल्या निवृत्ती शिंप्यानं दुकानात काचेच्या पेटीत आफ्रिकेतले सिक्लिड मासे पाळले होते. हे खडकांत राहणारे. प्रत्येक नर एकेक दगड बळकावतो आणि जवळ येईल त्याला हाकलतो. त्यावर उपाय एकच: पेटीत गर्दी ठेवावी, म्हणजे मार सर्वांना वाटून मिळतो. आमचं विठ्ठल भजन मंडळ याच तत्त्वावर सुरळीत चाललं आहे.

एकादशीला त्यांतल्या पिवळ्या मादीनं दाण्याला तोंड लावलं नाही. द्वादशीलाही नाही. मंडळाचे अध्यक्ष गंगाधरराव यांनी काचेला नाक लावून पाहणी केली आणि तिला व्रतस्थ ठरवून पेटीला हार घातला. आता व्रतस्थाचं पारणं झाल्याशिवाय इतरांनी कसं जेवायचं? दुपारपर्यंत शंभर टक्के सभासद उपाशी होते (पैकी ऐंशी टक्के कोपऱ्यावर दोसा खाऊन आलेले).

शेवटी ठरलं, मृदंगाच्या गजरात मासोळीला बाहेर काढायचं आणि तोंड उघडून तीर्थ घालायचं.

निवृत्ती पेटीला आडवा झाला. "नको हो अण्णा! घाबरली तर सगळं टाकून देईल. तिच्या तोंडात अंडी आहेत!"

मृदंग थांबला.

"अंडी?" गंगाधरराव म्हणाले. "एकादशीला?"

तातडीची सभा भरली. व्रतस्थपद रद्द, हार जप्त, आणि मासोळीची रवानगी कुक्करहळ्ळीच्या तळ्यात. (तिथले मोठे मासे कुठलीच तिथी पाळत नाहीत.)

तशी निवृत्तीची बायको शांताक्का कडाडली, "अय्यो, सुम्मने, गप बसा की सगळे! तिचीच लेकरं ती. तोंडात धरून वाढवते. गिळली जातील म्हणून घास घेत नाही. तुमच्यातला कोण एक दिवस तरी तोंड मिटून राहिलाय, सांगा बघू?"

ठराव तहकूब झाला. (शेवटचा मुद्दा इतिवृत्तातून वगळला.)

तीन आठवड्यांनी तिच्या तोंडातून पिल्लं सुटली, त्या दिवशी काय तो सोहळा! मंडळाच्या वेंकोबाबुवांनी मातृमहिम्यावर असं कीर्तन रंगवलं, की माझा पंचा भिजला. जप्त केलेला हार दगडावर बसलेल्या नराच्या बाजूला, काचेला लावण्यात आला. पितृत्व ही काय लहान गोष्ट आहे? मग पंगत बसली. खिरीचं पातेलं चाटूनपुसून लख्ख झालं.

तुम्ही मघापासून आम्हाला हसताय. हसा. पण पिल्लं सुटल्यावर तिला कुणी दाणा टाकला का, हे तुम्हीही विचारलं नाहीत. आज पानावर बसाल, तेव्हा पहिल्या घासाआधी त्या माउलीची तेवढी आठवण ठेवा.